पाटीची रिकामी चौकट

माय, लहानी जिनमध्ये बसायला लागली. आज अकरावा दिवस. पहिले दहा दिवस मी जिनबाहेर कोणाला सांगितलं नाही, अगदी तुझ्या फोटोसमोरही नाही, कारण माझं चांगलं काम मी सांगत सुटलो की बिघडतं हा माझा जुना अनुभव आहे. तू ज्या जिनमध्ये कापसातला कचरा वेचायचीस ती कधीच बंद पडली. तिच्या आवारात आता कोळशाचे ट्रक धुतात. पण वणीच्या त्याच रस्त्यावर, जरा पुढे, माझी जिन आहे. माझी. हा शब्द तुला ऐकवायचा राहून गेला होता, म्हणून दोनदा लिहिला. तेलाची पिचकारी घेऊन मशिनीखाली सरपटणारा तुझा लेक आता बावन्न वर्षांचा आहे, पोट सुटलं आहे, गुडघे कुरकुरतात, फक्त कान तेवढे तेव्हाचेच आहेत. कापसातून सरकी काढणाऱ्या चोवीस मशिनी एकदम चालू असताना सात नंबरचा रोलर घासतोय की एकोणीसचा, हे मी अजूनही फाटकातून सांगतो. नवीन आलेला मिस्त्री पहिल्या आठवड्यात माझ्याशी चहाची पैज लावतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून मुकाट्याने चहा पाजतो.

तू जाऊन सतरा वर्षं झाली. माझ्यानंतर चौदा वर्षांनी झालेली तुझी ही लेक, जिचं नाव कागदावर काहीही असलं तरी घरात लहानीच राहिली, ती आता अडतीसची आहे. कानाजवळचे केस पांढरे झालेत. तिला जे आहे त्याला डाउन सिंड्रोम म्हणतात हे आपल्या घरात फार उशिरा कळलं. त्याआधी एका डॉक्टरने तुला एवढंच सांगितलं होतं की हे लेकरू असंच राहणार. तू दवाखान्यातून बाहेर येऊन मला म्हणालीस, "असंच म्हंजे कसं? माह्या लेकराचं कसं हाये ते मी पाहीन ना." आणि तू खरोखरच पाहत बसलीस. मी तेव्हा हे म्हणणं म्हणजे आईची माया समजलो. ते निरीक्षण होतं, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

मला त्या सकाळचा स्वयंपाक आठवतो. लहानी आठ वर्षांची आहे आणि मी बावीसचा, नुकताच फिटर झालेला, शर्टाच्या खिशाला पाना लावून मिरवणारा. आदल्या दिवशी वणीच्या बाजारातून तिच्यासाठी पाटी आणली आहे, लाकडी चौकटीची, कडेला मणी असलेली. शाळेने तिला घेतलं नाही म्हणून मीच तिला शिकवणार, असं मी चार लोकांत सांगून आलो आहे. मी पाटीवर 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं दाटीवाटीने लिहितो आणि म्हणतो, "यातला क दाखव." ती पाटीकडे पाहते. तिचं बोट पाटीवर येतं, फिरतं, कुठेच टेकत नाही. मी पुन्हा म्हणतो, मोठ्याने म्हणतो, मग जिनमध्ये बोलतो तसा ओरडतो. तिचं बोट मागे जातं आणि ती डोळे मिटून घेते. मी पाटी उंबऱ्यावर आपटतो. तू चुलीपाशी भाकर थापत आहेस. तू उठत नाहीस, ओरडत नाहीस, तव्यावरची भाकर उलटतेस आणि म्हणतेस, "पाटी तूच आनली अन् तूच फोडली. तिनं काय केलं त्याच्यात?"

बास. एवढंच. मी जेवलो नाही, पाना खिशाला लावून निघून गेलो, आणि संध्याकाळी आलो तर तू फुटक्या दगडाचे तुकडे काढून रिकामी चौकट पुसत बसली होतीस. एका कोपऱ्यात लाकडाची कपची निघाली होती, तिथे तू तुझ्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी घट्ट गुंडाळलीस. दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ निवडायला घेतलीस. ताटात डाळ पसरलीस, तिच्यावर चौकट ठेवलीस, एक काळा खडा उचलून लहानीच्या डोळ्यांसमोर धरलास आणि मग तिच्या तळहातावर ठेवलास. "असा. असाच पाह्य." बोटाने चौकटीच्या आतला भाग दाखवलास. लहानीने पाहिलं. किती वेळ पाहिलं! आणि मग दोन बोटांनी खडा उचलून तुझ्या हातावर ठेवला. तू चौकट वीतभर सरकवलीस. मी दारात उभा राहून हसलो होतो, आठवतं? "डाळ निवडाले चौकट! उद्या भाकरीले खिडकी लाव." तू मान वर न करता म्हणालीस, "तुले जे लागत नाई त्याले हासू नोको."

पुढे तू तिला जिनमध्ये सोबत न्यायला लागलीस. कापसाच्या ढिगाशी बायका ओळीने बसायच्या आणि त्यातला पालापाचोळा, किडक्या कापसाची कवडी, केस, साडीचे धागे, खताच्या पोत्याची दशी वेचायच्या. तू मात्र ढिगाकडे पाठ करून लहानीला बसवायचीस, समोर काळं फडकं, फडक्यावर एक मूठ कापूस, कापसावर चौकट. मुकादम कुरकुर करायचा, तू त्याला ऐकू न आल्यासारखं करायचीस. एकदा दुपारी मी तेल देता देता तिकडे आलो आणि मोठ्या भावाच्या तोऱ्यात म्हणालो, "लहाने, लाल धागा काढ, पान काढ, केस काढ, काई ठेवू नोको." ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तू माझा हात धरून मला बाजूला घेतलंस.

"तोंडानं सांगू नोको तिले. दाखव. अन् एकच दाखव."

"मंग बाकीचं कोन पाहीन?"

"मघा तू सात नंबर ऐकून राह्यला होता ना, डोकं लावून? तवा जेवनाचा भोंगा झाला. ऐकला तू?"

मी ऐकला नव्हता. भोंगा, माय, जो अर्ध्या वणीला ऐकू जायचा.

"मी डबा उघडून बसली तुयी वाट पाहत. तुले कोनी बहिरा म्हनलं काय?"

मी हसलो आणि भाकर खाल्ली. तू बोललीस ते माझ्या इतक्या तीक्ष्ण कानांवरून वाऱ्यासारखं गेलं.

तुझ्या शेवटच्या आजारात तू माझ्याकडून कबूल करून घेतलंस की लहानीला जिनमध्ये बसायला जागा देशील. घरात बसवून ठेवू नको, म्हणालीस, ती काम करणारी आहे. मी हो म्हणालो. तेव्हा मी एक जुनी जिन चालवायला घेतली होती, दुसऱ्याची. मग स्वतःची झाली. मग कापूस पुढे नेणारा बेल्ट आला, वर पांढऱ्या लाइटी आल्या, बायका उभ्याने कचरा वेचू लागल्या. आणि लहानी घरात. खाऊन पिऊन सुखी, टीव्हीसमोर, कपड्यांच्या घड्या घालत. मी स्वतःला सांगायचो की जिनमध्ये धोका आहे, पट्टे आहेत, धूळ आहे. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण मला माहीत होतं. तिला एक चाळा लागला होता. दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून ती डोळ्यांसमोर एक चौकोन धरायची आणि त्यातून बघत बसायची, माणसांकडे, भिंतीकडे, ताटाकडे. पाहुणे आले की मी तिचे हात खाली दाबायचो. दरवर्षी दसऱ्याला मशिनींच्या पूजेला तिला जिनमध्ये आणायचो, तर ती मोठ्या दारातच थांबायची, हातांचा चौकोन करून आत बघत, आणि हलायची नाही. मागे कामगार, त्यांच्या बायका, पोरं खोळंबलेली. लाज वाटायची, माय. तुझ्यापासून काय लपवू. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, असं करत मी सतरा हंगाम काढले.

या वर्षी तिच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं काम निघालं म्हणून मी आणि तुझी सून तिला यवतमाळला घेऊन गेलो. तिथे एका केंद्रात एक तरुण बाई आहेत, मुलांची आणि मोठ्यांचीही तपासणी करतात. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही म्हटलं. त्यांच्या खोलीत भिंतीला साधं कॅलेंडर नव्हतं. टेबलावरही काही नाही. मला वाटलं, गरीब संस्था दिसते. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "यांचे डोळे आणि कान शेवटचे कधी तपासले?" तुझ्या सुनेने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. तपासले तेव्हा कळलं की जवळचं तिला धूसर दिसतं आणि डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याशी मोठ्याने बोलता का?" मी तोंड उघडायच्या आत तुझी सून म्हणाली, "हे सगळ्याइशीच मोठ्यानं बोलते, मॅडम. जिनवाले हायेत." मी हसलो खरा, पण आतून कुठेतरी बूच निघाल्यासारखं झालं. ज्या माणसाचे कान तालुक्यात नावाजलेले, त्याच्या घरात त्याच्या बहिणीला ऐकू येत नव्हतं आणि त्याला ते ऐकू आलं नव्हतं.

चष्मा झाला आणि आम्ही पुन्हा गेलो. मॅडमनी तिच्यासमोर एक कागद ठेवला, त्यावर लहान लहान चित्रांची गर्दी, छत्र्या, कंदील, पतंग, मासे, किल्ल्या. "मासे दाखवा," म्हणाल्या, आणि एका वेगळ्या कार्डावरचा मासाही दाखवला. लहानीचं बोट कागदावर आलं, फिरलं, कुठे टेकलं नाही. तीस वर्षांपूर्वीचं तेच बोट. मग तिने बोट मागे घेतलं, दोन्ही हात वर आणले आणि चौकोन केला. मी सवयीने तिचे हात खाली दाबले. मॅडम चटकन म्हणाल्या, "थांबा, थांबा. राहू द्या त्यांना." त्यांनी तिचे हात पाहिले, मग टेबलाच्या खणातून एक काळा पुठ्ठा काढला. त्याच्या मधोमध चौकोनी खिडकी कापलेली होती. त्यांनी तो पुठ्ठा कागदावर ठेवला आणि खिडकी हळूहळू सरकवायला लागल्या. लहानीने मासा दाखवला. पुढचा दाखवला. एक छत्रीच्या दांड्याआड अर्धा लपलेला होता, तोसुद्धा. मी मोजत नव्हतो, मी तिचा चेहरा बघत होतो. तो तुझ्या चुलीसमोरचा, डाळीच्या ताटावर वाकलेला चेहरा होता.

मॅडमनी जे सांगितलं ते मी जमेल तसं तुला सांगतो. म्हणाल्या, यांना दिसत नाही असं नाही. आपल्या डोळ्यांसमोर सगळंच एकदम येत असतं, त्यातलं एक उचलायचं आणि बाकीचं बाजूला सारायचं हे काम आपलं मन न सांगता करतं. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच जणांना ते बाजूला सारणं जड जातं. प्रत्येकाचं वेगळं असतं, पण गर्दी कमी केली, वेळ दिला, आणि काय शोधायचं ते बोलण्याऐवजी डोळ्यांना दाखवलं, की पुष्कळ फरक पडतो. म्हणून त्यांच्या भिंतीला कॅलेंडर नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "पण यांनी हातांची खिडकी करायची युक्ती आधीच काढलीय. कोणी शिकवली?" तुझी सून म्हणाली, "आमच्या सासूबाईनं." मॅडमनी विचारलं, "त्या शिक्षिका होत्या?" तुझी सून म्हणाली, "नाई, त्या कापसातला कचरा वेचत." मॅडमनी ते आपल्या कागदावर लिहून घेतलं. मी त्या रिकाम्या भिंतीकडे बघत होतो, जणू तिथे काही लिहिलं आहे.

परत येताना वाट वाकडी करून कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला थांबलो. गर्दी होती. दर्शन घेऊन बाहेर आलो तर चपलांचा ढीग झालेला, कोणाची चप्पल कोणाखाली. मी आपली इकडची उचल, तिकडची उचल करतोय, तुझी सून म्हणते आहे, "गेली असन चोरीले, चला अनवानी, जिनवाले." लहानी पायरीवर उभी राहिली. तिने माझ्या रिकाम्या पायाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, पायाचं माप घेतल्यासारखं. मग हात वर केले, चौकोन केला आणि ढिगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे तो चौकोन नेऊ लागली. लोक धक्के मारत होते, एक बाई म्हणाली, "काय करून राह्यली ही?" मी त्या दिवशी पहिल्यांदा तिचे हात खाली दाबले नाहीत. मी तिच्या आणि लोकांच्या मध्ये उभा राहिलो, पाठ त्यांच्याकडे करून. ती खाली उतरली, वाकली, दोन बुटांच्या खालून माझी डावी चप्पल काढली. मग पुन्हा चौकोन. मग उजवी. माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "दादा, घाल." मी देवळात गेलो होतो, पण माय, नमस्कार करावा असं मला वाटलं ते बाहेर आल्यावर.

आणि एवढं पाहूनही तुझ्या शहाण्या लेकाने काय केलं ते ऐक. पुढच्याच सोमवारी तिला नवी साडी नेसवून, नारळ फोडून, जिनमध्ये बेल्टपाशी बसवली. सगळ्यात चांगली जागा, लाइटीच्या बरोबर खाली, उंच खुर्ची. मला वाटलं, मॅडमचा पुठ्ठा ठीक आहे, पण माझ्याकडे त्याहून भारी सोय आहे. बेल्ट चालू केला. कापूस वाहू लागला. लहानीने हातांचा चौकोन केला, पण चौकोनातलं टिकेना, आलं की गेलं, आलं की गेलं. ती खुर्चीवरून उतरली आणि डोळे मिटून जमिनीवर बसली. बायकांची बोलणी थांबली. तुझ्या शेजारी बसणारी काकू आठवते? ती अजून येते, पंचाहत्तरीची आहे, आता फक्त बायकांवर नजर ठेवते आणि माझ्यावरही. ती पुढे आली, बेल्ट बंद करायची खूण केली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बापू, वाह्यत्या पान्यात सुई शोधाले लावली तुमी तिले. तुमची माय अशी बसवत होती काय?"

मी मालक आहे म्हणून कोणी हसलं नाही. पण मलाच हसू आलं, आणि मग डोळे भरून आले, दोन्ही एकदम. त्याच दिवशी सुताराकडून पाटीएवढी चौकट करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनच्या मागच्या कोपऱ्यात, ढिगाकडे पाठ करून, काळी ताडपत्री अंथरली. दोन चलाख बायकांनी आधीच साफ केलेल्या कापसाचं एक टोपलं घेतलं. खताच्या पोत्याचा पांढरा प्लास्टिकचा धागा सगळ्यात वाईट, पांढऱ्यात पांढरा, रुईत गेला की कापडापर्यंत जातो आणि तिथे डाग होऊन उठतो. तसा एक धागा मी तिच्या डोळ्यांसमोर धरला, मग तळहातावर ठेवला. काही बोललो नाही. तुला खोटं वाटेल, पण मी काही बोललो नाही. तिने नवीन चौकट हातात घेतली, चारही कोपरे बोटांनी चाचपले आणि म्हणाली, "हे नाई." तिचं बोलणं परक्याला कळत नाही, मला कळतं. पण नवी वस्तू म्हणून म्हणत असेल असं समजून मी मूठभर कापूस पसरला, त्यावर चौकट ठेवली, आणि ती वाकली.

माझ्या मशिनी चालू होत्या. ट्रॅक्टर मागे येत होता, बायका बोलत होत्या, काकू तंबाखू मळत होती. लहानी यातल्या कशातच नव्हती. तिचं बोट कापसाच्या प्रत्येक पुंजक्याशी जाई, थांबे, तंतू विलग करी, पुढे जाई. चौकटीतलं संपलं की ती पसा उचलून बाजूला ठेवी आणि नवीन पसा घेई. मी मशिनी बंद करायला सांगणार होतो, तिला निवांत वाटावं म्हणून. गरज पडली नाही. दुपारपर्यंत तिने एकच टोपलं केलं, तेवढ्या वेळात बाकीच्या बायकांनी ढीग केला असता. पण त्या साफ केलेल्या टोपल्यातून तिने तीन पांढरे धागे काढून माझ्या हातावर ठेवले. एक माझ्या पापणीच्या केसाएवढा. मी तो उजेडात धरला, चष्मा लावला, चष्मा काढला. ज्या दोन बायकांनी ते टोपलं साफ केलं होतं त्या उठून आल्या आणि त्यांनीही आळीपाळीने तो धागा पाहिला.

मग त्यातली एक तिने बाजूला ठेवलेल्या कापसाकडे पाहून फसकन हसली. "अवो, हे पाहा! एवढा लाल धागा तसाच ठेवला इनं!" खरंच, साडीचा लालभडक धागा, बोटभर लांब, वरच पडलेला. मी काही म्हणायला गेलो आणि माय, माझ्या कानात भोंगा झाला. अर्ध्या वणीला ऐकू जाणारा, मला ऐकू न आलेला तो भोंगा. तू डबा उघडून बसली आहेस आणि मी सात नंबर ऐकतोय. मी पांढरा दाखवला होता. तिने पांढराच पाहिला. मी त्या लाल धाग्याची गुंडाळी करून तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिने त्याच कापसात वाकून आणखी एक लाल तुकडा, तुटका, पानाला चिकटलेला, लगेच काढून दिला. काकू बायकांना म्हणाली, "तुमाले समदं दिसते म्हनून तर इतकं राह्यते." मी जन्मभर कानाचा गर्व केला. चोवीस आवाजांतून एक वेगळा काढतो म्हणून लोकांनी मला मिस्त्री म्हटलं, मग मालक म्हटलं. तेच काम ती डोळ्याने करत होती, इतक्या अडचणीतून, माझ्या दसपट कष्टाने, आणि तिला आम्ही चाळा करणारी म्हटलं.

आता ती रोज येते. आल्या आल्या मोठ्या दारात थांबते, हातांचा चौकोन करते, मशिनींवरून, ढिगांवरून, भिंतींवरून, वरच्या पत्र्यापर्यंत नेते. मग आपल्या कोपऱ्यात जाऊन बसते. परवा मी तिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो, मशिनी चालू व्हायच्या आधी, आणि विचारलं, "लहाने, काय पाह्यते?"

ती म्हणाली, "चौकट."

"ते काय तुया जाग्यावर ठेवली."

"हे नाई. माय वाली." आणि मग, जसं काय मीच विसराळू आहे, समजावून सांगितल्यासारखं, "तू म्हनला. जिनमंदी हाये."

माय, आता ते सांगतो. तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी घर अजून पाहुण्यांनी भरलेलं होतं. लहानी तुझी चौकट घेऊन घरभर फिरत होती. जिथे तुला निजवलं होतं त्या जमिनीवर तिने ती ठेवली, आतून पाहिलं, वीतभर सरकवली, पुन्हा पाहिलं. अंगण, चूल, मोरी, सगळीकडे. ती तुला शोधत होती. कोणीतरी म्हणालं, येडी झाली बिचारी. मला ते सहन झालं नाही, आणि कोणाचं सहन झालं नाही, तिचं की त्यांचं, हे मी अजून सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत मी ती चौकट घातली. कोपऱ्यावरची हिरवी चिंधी आधी पेटली. दुपारी तिने विचारलं तेव्हा तोंडात आलं ते बोललो, "जिनमंदी हाये." मी दोन दिवसांत विसरलो. ती सतरा वर्षं विसरली नाही. प्रत्येक दसऱ्याला त्या दारात उभी राहून, हार, पेढे, गुलाल, माणसं, माझा रागावलेला चेहरा, हे सगळं बाजूला सारून ती एकच गोष्ट शोधत होती. बाजूला सारणं जिला जड जातं, असं मॅडम म्हणाल्या होत्या, ती.

हा कागद मी चुलीत टाकणार नाही, एवढं नक्की. टेबलाच्या खणात राहील, पाठवायचा कुठे? आणि एक सांगायचं राहिलं. काल मी तिला खरं सांगितलं. तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, लहाने, ती चौकट म्या जाळली. पूर्ण सांगितलं, चिंधीसकट. ती कापसावरून बोट फिरवत राहिली, आज सकाळी पुन्हा दारात थांबली आणि चौकोन करून आत पाहू लागली. सांगितलं तेव्हा चोवीस मशिनी चालू होत्या, आणि मी तिच्या डाव्या कानाच्या बाजूला बसलो होतो. कोणती बाजू डावी, हे मला चांगलं ठाऊक होतं, माय.